वॉल्ट्झच्या उलट्या फेऱ्या

दुपारचे चार ते सहा हे दोन तास माझ्या मालकीचे होते. सातबाऱ्यावर तशी नोंद नव्हती, पण आमच्या आळीला ते ठाऊक होतं. चारला आमचे हे चपला सरकवायचे, इंदापूरचा रस्ता ओलांडायचे आणि समोर हैदरभाईंच्या दुकानात जाऊन बसायचे. हैदरभाई विहिरीवरच्या मोटारी भरून देतात, म्हणजे जळलेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळतात. त्यांच्या दुकानात ह्यांचं एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसून हे दोन तास हैदरभाईंशी भांडायचे. विषय कुठलाही चालायचा. पाऊस किती पडला, वायर कुठल्या कंपनीची चांगली, एकोणीसशे ब्याण्णव साली कारखान्याचा गळीत हंगाम कुठल्या तारखेला संपला. सहाला घरी यायचे ते असे ताजेतवाने, की मला वाटायचं, माणसाला औषधापेक्षा भांडायला कुणीतरी लागतं.

त्या दोन तासांत मी काय करायचे, हे मी कुणाला सांगत नसे. काहीच करत नसे. ज्या बायकांच्या घरात नवरा रिटायर होऊन बसलाय, त्यांना ह्याची किंमत कळेल. बाकीच्यांना समजावण्याचे कष्ट मी घेत नाही.

मग ह्यांना कंपवात झाला.

औषध सुरू झालं तशी हाताची थरथर कमी झाली, पण पाय ऐकेनात. चालता चालता मधेच थांबायचे. उंबरा दिसला की थांबले, गर्दी दिसली की थांबले. पाय जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, डोक्यातला हुकूम पायापर्यंत पोचत नाही. हे कारखान्यात मिल हाऊसला फोरमन होते. तिथे ह्यांचा हुकूम चौतीस वर्षं सगळीकडे पोचला, फक्त घरात पोचत नव्हता. आता पायातही पोचेना.

आणि ऐन गळिताच्या दिवसांत, चार वाजता, हे रस्त्याच्या मधोमध थांबले. पाठीमागून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, परत दिला, मग खाली उतरला. त्याने आणि आणखी एका माणसाने ह्यांना दोन्ही बखोट्यांना धरून उचललं आणि रस्त्यातला दगड ठेवावा तसं कडेला ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "बाबा, जपून," असंही म्हणाला. पण ज्यांनी हात वर केला की अख्ख्या कारखान्याचा ऊस थांबायचा, त्यांना उसाच्या ट्रॉलीवाल्याने उचलून बाजूला केलं, हे ह्यांच्या जिव्हारी लागलं. हे घरी आले, चपला काढल्या आणि परत घातल्या नाहीत.

पहिले पंधरा दिवस हैदरभाईच चारला आमच्याकडे आले. पण तिकडे दुकानात गिऱ्हाइकं हाका मारायची, इकडे हैदरभाई खुर्चीच्या टोकावर बसून तब्येत विचारायचे. भांडण काही होईना. आजारी माणसाशी कोण भांडतो. शेवटी एक दिवस हे म्हणाले, "हैदर, तू येत जाऊ नको. पेशंट बघायला आल्यागत बसतोस. मी येईन तवा बसू."

हैदरभाई गेले आणि खरंच यायचे थांबले. तेही तसेच.

म्हणजे आमच्या घरात आता एकच प्रश्न होता. हे आपल्या पायांनी चाळीस पावलं चालून समोर जाणार की नाही. चोवीस तास मी आणि हे, हे आणि मी. टीव्हीचा आवाज किती ठेवावा ह्यावरसुद्धा हे भांडत नव्हते. मी ठेवीन तेवढा ऐकून घ्यायचे. ते मला जास्त भीतीदायक वाटायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या प्रयागबाईंनी आधी मोहरीचं तेल सांगितलं, मग तिळाचं, मग कुठल्याशा गावचं एक तेल, जे फक्त अमावस्येला मिळतं. ते आणल्यावर म्हणाल्या, हे पौर्णिमेचं दिसतंय. पुण्याहून मुलाने एक छडी पाठवली, तिला पुढे लाल दिवा होता. हे म्हणाले, मी काय रेल्वेचा गार्ड हाय का. छडी कपाटावर गेली.

शेवटी बारामतीला व्यायाम शिकवणारी एक डॉक्टर मुलगी आहे असं कळलं. नाव समिना. वय माझ्या मुलाएवढं, पण ह्यांना दरडावून बोलायची. मला ती तिथेच आवडली. तिने ह्यांना चालवून बघितलं, वळवून बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचं डोकं पायांना सांगायचं विसरतं. पण ठेका असला ना, की पाय डोक्याला विचारत नाहीत. आपण वॉल्ट्झ करू."

मी म्हटलं, गोळी आहे का?

ती हसली. मोबाईलवर तिने एक व्हिडिओ लावला. एक मोठा दिवाणखाना, झुंबरं, आणि त्यात गोरे बायका-पुरुष एकमेकांना धरून गोल गोल फिरतायत. पुरुषाचा एक हात बाईच्या पाठीवर. बाईचा एक हात त्याच्या खांद्यावर. उरलेले दोन हात हवेत एकमेकांत. समिना म्हणाली, परदेशात ह्या आजाराच्या लोकांना हे शिकवतात. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. एकावर जोर. पुरुष पुढे येतो, बाई मागे जाते.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण चारचौघांत ह्यांचा हात मी एकदाच धरला होता, तोही लग्नात, भटजींच्या सांगण्यावरून. बाजारात जाताना मी ह्यांच्या चार पावलं मागे. आता मी ह्यांच्या पुढे चालायचं, ते ह्यांच्याकडे तोंड करून, आणि उलटं.

"ह्यो नाच हाय," हे म्हणाले. "आमी नाचणार न्हाय."

घरी आल्यावर मी त्या शब्दाच्या मागे लागले. माझं शिक्षण दहावी, तेही गणितात ढकलून. पण शब्द कळला नाही की मला घास उतरत नाही. वाचनालयातल्या शब्दकोशात फक्त 'एक पाश्चात्य नृत्य' एवढंच होतं, म्हणजे ह्यांचंच म्हणणं खरं ठरत होतं. म्हणून समिनाला फोन केला. तिने शोधून सांगितलं, की हा जर्मन लोकांचा शब्द आहे, त्याचा अर्थ गोल फिरणं, लोळणं. आणि मशीनच्या रोलरलाही ते लोक जवळपास तेच म्हणतात.

हे मी मोठ्याने परत म्हटलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"रोलर?"

"व्हय."

ह्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मिलला तीन रोलर असत्यात. दोन खाली, एक वर. तिन्ही एकमेकाला धरून फिरत्यात. एक जरी अडला तर ऊस तितंच अडतो." वर म्हणाले, "मग नाच म्हणून कशाला सांगती ती पोरगी. नीट सांगायचं की."

समिनाने आणखी एक सांगितलं होतं. हा प्रकार नवा होता तेव्हा तिकडच्या सभ्य लोकांनीही नावं ठेवली होती, बाई आणि पुरुष इतके जवळ कसे म्हणून. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे प्रयागबाई तिकडेही होत्या.

अडचण जागेची झाली. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. तिच्यात सोफा, शोकेस, फ्रिज, आणि मुलाच्या लग्नात आलेला एक काचेचा हत्ती. दोन पावलांत 'एक-दोन' व्हायचं, 'तीन'ला हे शोकेसवर. गच्चीवर पाण्याची टाकी आणि सोलर. अंगणात फरशा वरखाली. सपाट, गुळगुळीत आणि मोठी अशी गावात एकच जागा होती, ती म्हणजे मारुतीच्या देवळाचा नवा मंडप. मधोमध जुनं लहानसं देऊळ आणि चारी बाजूंनी फरशी घातलेला मंडप, पत्र्याच्या सावलीचा. दुपारी दोन ते तीन तिथे कुत्रंसुद्धा नसतं.

मी गुपचूप जाऊन करून आले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मला रीतसर वागायची खोड. मी देवस्थान समितीचे सचिव कुंडलिकतात्या ह्यांच्याकडे गेले. कुंडलिकतात्या पूर्वी ग्रामसेवक होते. नोकरी सुटली पण कागद सुटला नाही. त्यांनी मला छापील अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, कार्यक्रमाचे स्वरूप: भजन, कीर्तन, हळदीकुंकू, सत्कार, शोकसभा. एकावर खूण करायची.

मी म्हटलं, ह्यातलं काहीच नाही. व्यायाम लिहा.

तात्या म्हणाले, व्यायाम योगवाल्यांना मंजूर झालाय, एका बाबीला दोन मंजुऱ्या देता येत नाहीत. मी सगळं खरं सांगितलं, आजार, पाय, ठेका, एक-दोन-तीन. 'नाच' हा शब्द तेवढा तोंडात आला होता, तो गिळला. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे नवरा-बायकू मिळून करायचं?"

"हो."

"देव ब्रह्मचारी हाय, वहिनी."

मी अर्जावर सही करून आले. शेवटी चार दिवसांनी मंजुरी आली. स्वरूप: 'इतर (पती-पत्नी)'. वेळ दोन ते तीन. अट: गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असावा. त्यावर शिक्का मारून तात्यांनी एक प्रत मला दिली, एक फाईलला लावली आणि एक नोटीस बोर्डावर डकवली. त्या बोर्डावर आमचं नाव, त्याखाली 'इतर (पती-पत्नी)'. दोन दिवस मी दळण आणायलासुद्धा बाहेर पडले नाही.

पहिल्या दिवशी मंडपात उभे राहिलो तेव्हा ह्यांचे दोन्ही हात गार होते. मी ह्यांचा उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. त्यांनी तो गरम तव्यावर ठेवावा तसा ठेवला. मी हळू आवाजात मोजायला लागले. एक-दोन-तीन. ह्यांचा डावा पाय उचलला गेला. माझा उजवा मागे. परत एक-दोन-तीन. व्हिडिओतली सगळी जोडपी दिवाणखान्याला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारत होती, म्हणून आम्हीही तशीच मारली. समिनाने सांगितलं होतं, दिशा बदलू नका, सवय एकाच दिशेची लागू द्या. आणि खरंच, दुसऱ्या बाजूने फिरायला गेलं की ह्यांचा उजवा पाय अडायचा.

मधे देऊळ. देवळाभोवती मंडप. मंडपात आम्ही, उलट्या दिशेने. जन्म ह्याच मातीत गेला, शेकडो प्रदक्षिणा घातल्या, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पाय मोजत होते.

प्रयागबाईंच्या मात्र लगेच डोक्यात आलं. त्यांची गच्ची मंडपाच्या बाजूला आहे आणि दुपारची झोप त्यांना लागत नाही. त्या पापड उलटायला म्हणून आल्या आणि पापड करपेपर्यंत तिथेच होत्या. संध्याकाळी घरी येऊन बसल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "उलटी प्रदक्षिणा घालता व्हय? कुणी सांगितली?"

मी म्हटलं, बारामतीच्या डॉक्टरणीने.

"डॉक्टरणीनं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी एखाद्या मांत्रिकाचा पत्ता लपवतेय. "आन् तोंडानं काय म्हणता?"

"एक-दोन-तीन."

"मंत्र सांगू नये, बरोबर हाय," असं म्हणून त्या उठल्या.

दोन आठवडे गावाने आम्हांला जरा लांबूनच नमस्कार केला. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं करणी उतरवतायत. ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, कारण ह्यांच्या पायात जीव यायला लागला होता. घरी येताना हे हलक्या आवाजात मोजायचे. एक दिवस मी चुकीचं पाऊल टाकलं तर मला म्हणाले, "वरचा रोलर कधी मागं सरकतो का?" इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हे माझ्यावर खेकसले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले. आनंद असा कधी कधी गैरसोयीच्या वेळी होतो.

आणि मग तो मंगळवार. आम्ही घरी निघालो, देवळाच्या आवाराच्या दाराला जुना दगडी उंबरा आहे, गुडघ्याच्या निम्म्याएवढा. रोज तिथे हे अडायचे आणि मी पुढून दोन्ही हात धरायचे. त्या दिवशी मी चप्पल शोधत होते. मागे वळून बघते तर हे उंबरा ओलांडून बाहेर उभे. एकटे. माझी चप्पल हातात घेऊन म्हणाले, "किती येळ?"

हे प्रयागबाईंनी पाहिलं.

बुधवारी दोन वाजता आम्ही मंडपात गेलो तर प्रयागबाई आधीच उलट्या दिशेने फिरत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी आमचं इतकं बारकाईने पाहिलं होतं की डावा हात हवेत उचललेला, दुसरा पुढे असा वाकवलेला, जणू एखाद्या न दिसणाऱ्या माणसाला धरलंय. तोंडाने एक-दोन-तीन. मला म्हणाल्या, "आमचे हे येत न्हाईत. एकटीनं चालतं न्हवं?"

मी म्हटलं, अहो, हा नवस नाही.

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या आणि तीनवरून परत एकवर आल्या.

गुरुवारी पाच जणी होत्या. पुढच्या मंगळवारी एकवीस. शनिवारी कन्हेरीहून जीप भरून आली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या सुनेला मूल होत नव्हतं. सगळ्यांचे हात हवेत, सगळ्यांच्या कवेत कुणी नाही. एकीचा नवरा एमआयडीसीत दुपारच्या पाळीला होता, ती त्याचा कामाचा शर्ट घेऊन आली होती आणि त्याला धरून फिरत होती. दुसरीने विचारलं, शर्ट चालतो का. तिसरी म्हणाली, धुतलेला चालत नाही. हे नियम कुठून येत होते, मला कळेना. मी तर शर्टाचा विषयच काढला नव्हता.

गोंधळ झाला तो नेहमीच्या भक्तांचा. ते बिचारे सरळ प्रदक्षिणा घालायचे, ह्या बायका समोरून उलट्या यायच्या. गाभाऱ्याच्या मागे वळणावर टकरी व्हायला लागल्या. एका आजोबांच्या हातातलं तेल सांडलं, त्यावरून दोघे घसरले, आणि ते घसरले म्हणून त्यांनीही दुसऱ्या दिवसापासून उलट्या फेऱ्या धरल्या. शेवटी कुंडलिकतात्यांनी सभा घेतली. ठराव झाला: सकाळी सुलट, दुपारी दोन ते चार उलट. फरशीवर रंगाने बाण काढले. लांब रांग झाली म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या.

आणि आम्हांला, ज्यांच्या नावाने मूळ मंजुरी होती त्यांना, एकोणचाळीस नंबरची चिठ्ठी मिळाली.

आम्ही रांगेत उभे राहिलो. नंबर आला तेव्हा चहूकडून बायका, हात, शर्ट. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी "एक" म्हटलं, आणि हे थांबले. गर्दी दिसली की थांबायचे, तसेच. मागून आवाज आला, ओ, पुढं सरका की. दुसरी म्हणाली, ह्यांचंच बघून आलो आन् ह्यांनाच येत न्हाय. ह्यांचा चेहरा त्या ट्रॅक्टरच्या दिवशी होता तसा झाला.

त्या संध्याकाळी मी समितीसमोर गेले. माझा राग असा आहे की तो आल्यावर मी खरं बोलते, आणि त्यामुळे माझं आयुष्यभर नुकसान झालेलं आहे. मी म्हटलं, हा नवस नाही, मंत्र नाही, प्रदक्षिणा तर नाहीच नाही. ह्याला वॉल्ट्झ म्हणतात. तो नाच आहे. साहेब लोकांचा नाच. आजारामुळे आम्हांला शिकवला. ह्या बायकांना सांगा, घरी जा.

सभा शांत झाली. मला वाटलं, पटलं.

कुंडलिकतात्यांनी चष्मा काढला. "वहिनी, तुमी मारुतीरायाच्या पुढं एवढे दिवस नवऱ्याला धरून नाचत हुता?"

मी काही बोलायच्या आत ठराव झाला. 'इतर (पती-पत्नी)' ही मंजुरी रद्द. मंडपात नाचण्यास सक्त मनाई. उलट्या प्रदक्षिणा मात्र सुरूच राहतील, कारण तो लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे. प्रयागबाईंनी हात वर करून पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आमचं नाव परत लागलं, ह्या वेळी लाल पेनाने.

मी दमले. म्हणजे नुसती थकले नाही, आतून दमले. समिनाला फोन करून सांगितलं की आमचं बंद. ती म्हणाली, काकू, घरी करा. मी काचेच्या हत्तीकडे पाहिलं आणि फोन ठेवला. दहा दिवस हे खुर्चीत आणि मी स्वयंपाकघरात. खिडकीतून समोर हैदरभाई दिसायचे, मोटारीत डोकं घालून बसलेले. आमच्याकडे बघत नव्हते. बघत नाहीत हे आपल्याला दिसावं, अशा बेताने.

अकराव्या दिवशी चारच्या सुमारास मी कणीक मळत होते. बाहेर हॉर्न वाजला. मग परत वाजला, लांब. मी खोलीत आले तर खुर्ची रिकामी. ह्यांच्या चपला नव्हत्या.

हे रस्त्याच्या मधोमध उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. इकडून ट्रॅक्टर, तिकडून इंदापूरची एसटी, आणि हे, पाय चिकटलेले. समोर हैदरभाई दुकानातून उठून उभे राहिले होते, हातात पक्कड. पण ते पुढे येत नव्हते. त्यांना माहीत होतं, ते आले की हे मोडून पडतील. ट्रॅक्टरवाला एक पाय खाली टाकत होता. उतरून परत उचलणार.

मी तशीच धावले, हाताला कणीक. ह्यांच्यापुढे उभी राहिले. ह्यांचा उजवा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला.

"लोक बघत्यात," हे म्हणाले.

"बघू द्या."

"हितं नको."

"मिल बंद पडलीय," मी म्हटलं. "मागं ऊस अडलाय. चालू करा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग ह्यांचे ओठ हलले. एक. डावा पाय सुटला. मी मागे. दोन. तीन. एसटीतली माणसं खिडक्यांना लागली. वरच्या गच्चीवर प्रयागबाई होत्याच. मी एकतीस वर्षं ह्या गावात खाली मान घालून वावरले, ती सगळी मान त्या दिवशी भर रस्त्यात खर्च झाली. पांढरा पट्टा आला तिथे हे किंचित अडले, मी जोराने "एक" म्हटलं, ओलांडला. हैदरभाईंच्या पायरीशी मी सोडलं तेव्हा ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर खांद्याला कणकेचा पंजा उमटला होता.

हैदरभाईंनी स्टूल पुसलं. "चार वाजून धा मिंटं झाली," ते म्हणाले. "एवढा उशीर?"

ह्यांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, की तुझं घड्याळच पुढं आहे.

त्या दिवसापासून रोज चारला मी ह्यांना रस्त्यापार नाचवत नेऊ लागले आणि सहाला नाचवत आणू लागले. गावाला सवय झाली. एसटीचा एक ड्रायव्हर तर गाडी हळू करून वाट द्यायचा. पण माझे दोन तास काही परत आले नाहीत, कारण घरी येऊन जरा टेकावं तर समोरून हाक यायची, मधेच ह्यांना लघवीला घरी यायचं असलं की परत एक-दोन-तीन. मी दुकानातच एका उलट्या बादलीवर बसायचे आणि एकोणीसशे ब्याण्णवचा गळीत हंगाम ऐकायचे.

सहा दिवसांनी हैदरभाई म्हणाले, "वहिनी, बायकूचं पाऊल मला शिकवा."

मी म्हटलं, काय?

"तुमचं पाऊल. मागं जायचं ते. मी आणत जाईन ह्याला." आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या तर ती उलटी फिरती. माणसाला काय अवघड हाय."

हे म्हणाले, मी त्याला धरणार नाही. हैदरभाई म्हणाले, मला तरी कुठे हौस आहे. मग दुकानाचं अर्धं शटर ओढून मी साठीच्या पुढच्या त्या दोघांना शिकवलं. हैदरभाईंचं उजवं पाऊल मागे जायच्या ऐवजी बाजूला जायचं आणि तारेच्या भेंडोळ्यात अडकायचं. पाठीवर हात ठेवला की त्यांना गुदगुल्या व्हायच्या. हे वैतागून म्हणायचे, सरळ उभा राहा, तू बाई हायस. आठ दिवस लागले.

काल पहिल्यांदा चारला हैदरभाई ह्यांना न्यायला एकटे आमच्या दाराशी आले. हात धुऊन, ग्रीस काढून. मी दोघांना रस्त्यापर्यंत सोडलं, दार लोटलं आणि खाटेवर आडवी झाले. घर शांत होतं. मला काय करावं ते क्षणभर सुचेना, मग आठवलं, काहीच करायचं नाही.

डोळा लागतोय तोच हॉर्न वाजला. मग दुसरा. उठून खिडकीशी गेले.

दोघे रस्त्याच्या मधोमध उभे होते, एकमेकांना धरून. अलीकडे उसाचा ट्रॅक्टर, पलीकडे एसटी, तिच्यामागे टेम्पो. मी चपला शोधायला वळणार, तेवढ्यात आवाज आले. पाय अडलेले नव्हते. हे म्हणत होते, मी एक म्हटल्यावर तू हलायचं. हैदरभाई म्हणत होते, तू एक म्हणायच्या आधीच ढकलतोस. हे म्हणाले, चौतीस वर्षं मिल चालवली, मला शिकवतो का. हैदरभाई म्हणाले, म्हणून तर गियरबॉक्स जळायचा. ह्यांनी तावातावाने हात सोडून बोट उगारलं, आणि हैदरभाईंनी ते बोटच धरून आपल्या हातात परत बसवलं, पण म्हणणं काही सोडलं नाही.

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

मी खिडकी लावून घेतली आणि झोपले.